तळ्यावरचा घडीचा पट

आमच्या तळ्याचं पाणी सुटायचं तेव्हा आधी आवाज यायचा आणि मग पाणी. पाण्यात उभ्या असलेल्या त्या दगडी बांधकामाला आमच्याकडे तुडुम म्हणतात. त्याच्या अंगाला एकाखाली एक अशी भोकं होती आणि प्रत्येक भोकात लाकडाचा एकेक खुंटा ठोकलेला असायचा. बाबा छातीपर्यंत पाण्यात उतरून वरचा खुंटा दोन्ही हातांनी हलवून हलवून काढायचे. मग तुडुमाच्या पोटात गुडगुड व्हायची. पाळीच्या, म्हणजे तळ्याच्या बांधाच्या, पलीकडे, नहराच्या तोंडाशी, मी पाय सोडून बसलेली असायची. गुडगुड ऐकू आली तरी पायांना पाणी लागायला थोडा वेळ जायचा. त्या मधल्या वेळात मी डोळे मिटून घ्यायची. पाणी आता पाळीच्या खालून, अंधारातून, माझ्याकडे येऊन राहिलं आहे, एवढंच मनात असायचं. मग ते यायचं, थंडगार, कुजक्या पानांचा वास घेऊन, आणि मी उगाच दचकायची. रोज माहीत असूनही दचकायची.

आता त्या तळ्यापासून लांब, मुर्री गावात, घरामागच्या खोलीत बसून हे लिहिते आहे. समोर पुठ्ठे आहेत, खळ आहे, कापडाच्या पट्ट्या आहेत. घडी घालून पिशवीत मावतील असे खेळांचे पट बनवणं हा माझा या वयातला उद्योग. पुण्या-नागपूरची पोरं फोन करून मागवतात. त्यांना पट मोठा हवा असतो आणि पिशवी लहान. मी प्रत्येकाला एकच विचारते, घडी कुठे पाडायची? ती म्हणतात, मध्ये पाडा ना, त्यात काय एवढं. त्यात काय एवढं ते मला कळलं त्या वर्षाची ही गोष्ट आहे.

आम्ही कोहळी. तळी बांधणं, राखणं, त्यांचं पाणी वाटणं हे आमच्या घरात पिढ्यांचं काम. गावाने पाणी सोडायचं काम बाबांकडे दिलं होतं आणि बाबांना त्याचा अभिमान होता. ते तो दाखवत नसत, पण खुंटे ठेवायच्या कोपऱ्यात कुणी चप्पल काढली तर त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. माय त्यांना चिडवायची, की तुमच्या खुंट्यांना आता हळदकुंकू तेवढं वाहायचं राहिलं. खुंटे मऊ लाकडाचे लागतात. कडक लाकूड भोकात नीट बसत नाही. मऊ लाकूड पाणी पितं, फुगतं आणि घट्ट होऊन बसतं. म्हणून नवा खुंटा ठोकायच्या आधी भिजवायचा, हे आमच्या घरात चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असायचं. पाण्याच्या दिवसांत दुपारचा डबा घेऊन मी पाळीवर जायची. डब्यात धिरड्यांसारखे तांदळाचे आयते, लाखोळीचं वरण, कधी कोचईच्या पानांच्या वड्या. माय वड्या मोजून द्यायची नाही, कारण वाटेत त्या कमी होणार हे तिने धरलेलंच असायचं.

डबा दोघांचा असायचा. एक बाबा आणि दुसरे डोमाजीकाका. डोमाजीकाका पोवार, त्यांची शेती नहराच्या शेवटच्या टोकाला, टोली म्हणतात त्या वस्तीकडे. आमच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, तळ्याला लागून, त्यांच्या सगळ्यात खाली. पाणी खाली जायचं ते आमच्यासारख्या वरच्यांच्या बांधावरून, आणि पाण्याला वाटेत पाय फुटतात हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. म्हणून जुनी रीत होती. टोलीच्या पाण्याच्या दिवशी टोलीचा एक माणूस पाळीवर येऊन बसणार, वरचा एक बसणार, आणि शेवटची बांधी भरल्याचा निरोप येईपर्यंत दोघांनी उठायचं नाही. बसणारा नसेल तर पाणी सुटत नसे. एकमेकांवर पहारा करतो आहोत असं कुणी तोंडाने म्हणायचं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचं, चौपट खेळून राहिलो.

आणि खरंच खेळायचे. डोमाजीकाकांच्या खांद्यावर चौपटीचा कापडी पट असायचा. त्यांच्या आजीने शिवलेला, चार हात पसरलेल्या फुलीसारखा. मोहाच्या झाडाखाली तो अंथरला जायचा. कवड्या पडायच्या, सोंगट्या सरकायच्या. डोमाजीकाका प्रत्येक दानाआधी कवड्यांशी पोवारीत काहीतरी बोलायचे, आणि दान वाईट पडलं की मराठीत बोलायचे. बाबा गप्प खेळायचे आणि त्यामुळेच डोमाजीकाका जास्त चिडायचे. मी बाजूला पालथी पडून तळ्याकडे बघत असायची. शिंगाड्याच्या वेली पाण्यावर पसरलेल्या, त्यांच्यातून मासे धरणाऱ्या ढिवरांचा डोंगा हळूहळू फिरणारा. पलीकडच्या काठावर सारसाची जोडी. त्यातला एक ओरडला की दुसरा लगेच त्याला साथ द्यायचा, आणि तो आवाज पाण्यावरून इतका सावकाश यायचा की मला वाटायचं, हा कालचा आवाज आहे, आज पोचला. लांब रेल्वेची शिट्टी व्हायची. कवड्या खुळखुळायच्या. त्या दुपारी मला कधी संपल्याच्या आठवत नाहीत. मी घरी कशी परतायची तेही आठवत नाही.

डाव एका दिवसात पुरा होत नसे. मग अर्धा डाव तसाच उभा ठेवायचा. दोघं मिळून कापडाखाली फळी सरकवायचे आणि ती अलगद उचलून पाळीवरच्या खोपीत ठेवायचे. पुढच्या पाण्याच्या दिवशी तिथून पुढे. डाव उभा आहे तोवर वरच्यांनी आणि टोलीवाल्यांनी पाण्यावरून बोलायचं नाही, असं दोघांचं ठरलेलं होतं. त्यांचं बघून गावानेही ते मान्य केलं होतं. कुणी भांडायला उठला तर म्हातारे विचारायचे, डाव मोडला का? नाही ना, मग बस खाली.

त्या वर्षी पावसाने पोळ्यानंतर पाठ फिरवली ती फिरवलीच. दसरा आला तेव्हा तुडुमाची वरची भोकं सगळी उघडी, कोरडी पडली होती आणि खाली दोन खुंटे काय ते पाण्यात उरले होते. धान निसवायला आलं होतं. त्या वेळी एक पाणी मिळालं तर दाणा भरतो, नाही तर नुसता कोंडा. एक पाणी द्यायला तळ्यात पुरेसं होतं. पण वरच्यांनी दोन घेतली असती तर टोलीला काहीच उरलं नसतं. माझे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, रोज संध्याकाळी ओसरीवर येऊन बसायचे आणि सरळ काही न म्हणता तेच म्हणायचे. बाबा ऐकून घ्यायचे. टोलीचा दिवस ठरला होता आणि खोपीत डाव उभा होता.

आणि बकरी आली. कुणाची बकरी ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण त्या दिवशी गावात कुणाकडेच बकरी नव्हती. खोपीत शिरून तिने कापड तोंडात धरलं, फळी पडली, सोंगट्या विखुरल्या. तळ्यात पाणी किती उरलं ते बघायला दोघं पाळीवर आले होते, ते धावले. सोंगट्या वेचल्या, पट अंथरला, एकेक सोंगटी आठवून आठवून जागेवर लावली. सगळ्या लागल्या, पण एक लागेना. डोमाजीकाकांची लाल सोंगटी. ते म्हणाले, ती कोपरा वळून घरच्या वाटेला लागली होती. बाबा म्हणाले, वळायची होती अजून. एका घराचा फरक. दुसऱ्या वर्षी दोघं हसले असते. त्या वर्षी तोंडं सुकलेली होती. डोमाजीकाका शांतपणे उठले, पट झटकला, खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "एका घरासाठी जो असा करते, तो पाण्यासाठी काय करंल." आणि टोलीच्या वाटेने निघून गेले. बाबांनी हाक मारली नाही. मला अजून वाटतं, मारली असती तर ते थांबले असते.

टोलीच्या पाण्याचा दिवस उजाडला आणि बसायला कुणी आलं नाही. मोठेबाबा मात्र आले. "तो येऊन नाई राहिला, त आपण कायले सोडायचं?" एवढंच म्हणाले, आणि ते रीतीला धरूनच होतं. बाबा दिवसभर पाळीवर एकटे बसून राहिले. मी नेलेला डबा त्यांनी उघडला नाही. दोघांचा डबा होता ना. घरी येताना मी वड्यांना हात लावला नाही. माझ्या आयुष्यात तसं पहिल्यांदाच झालं असेल. आजवर न संपणारी ती जागा एकाएकी संपल्यासारखी वाटून राहिली होती. मोहाच्या झाडाखाली मोकळी जमीन आणि त्यावर नुसती पानं.

पट करायचं माझ्या डोक्यात कसं आलं ते मला नीट सांगता येत नाही. मी तुडुमाकडे बघत बसले होते. उघड्या पडलेल्या भोकांकडे, त्यांत कधीकाळी घट्ट बसलेल्या खुंट्यांच्या खुणांकडे. सोंगटीला खाली पाय असता आणि घराला भोक असतं, तर बकरीच्या बापानेही ती हलली नसती. आणि मिटता आला असता तर पट खोपीत ठेवायचीही गरज नव्हती. घरी जुन्या कोठीचं मोडकं दार पडलं होतं. त्याच्या दोन फळ्या मी कापून घेतल्या. आमच्याकडे करवत चालवायला पोरींना मनाई नव्हती. कामच इतकं असायचं की मनाई करणं परवडत नसे. चुलीत सळई लाल करून भोकं पाडली. धूर माझ्या डोळ्यांत आणि मायच्या भाजीत. तिने विचारलं, काय करून राहिली. मी सांगितलं. तिने पोळपाट बाजूला केला आणि चुलीजवळची जागा मला दिली. मिटल्यावर दोन्हीकडच्या खुंट्या एकमेकींच्या डोक्यावर आपटतील, हेही तिनेच दाखवलं, दोन परड्या एकमेकींवर पालथ्या घालून. म्हणून कडेला उंच काठ मारला. बिजागरी म्हणून बैलाच्या जुन्या पट्ट्याचं चामडं.

घडी मी बरोबर मध्ये आखली होती. बाबा ओसरीवरून बघत होते, त्या दिवसांत ते कुणाशीच बोलत नव्हते. उठून आले, कोळशाची रेघ बघितली आणि बोटाने पुसली. चौपटीच्या प्रत्येक हाताला तीन ओळी असतात आणि मधली ओळ ही सोंगटीची घराकडे जायची वाट. बरोबर मध्ये घडी पाडली तर ती त्या वाटेवरच पडते, सगळी घरं चिरत जाते. "मधात नोको पाडू," बाबा म्हणाले. "मधात घरची वाट रायते. एका बाजूले सरकव. एक फळी लहान होईल, होऊ दे." मी विचारलं, लहान फळी कुणाकडे?  "माह्याकडे ठेव," म्हणाले आणि परत ओसरीवर जाऊन बसले. आज पुठ्ठ्यावर रेघ ओढताना दर वेळी मला त्यांचं कोळशाने काळं झालेलं बोट दिसतं. दोन सारख्या भागांचा हट्ट धरणाऱ्या गिऱ्हाइकांना मी हे कसं सांगणार? त्यांना मी सांगते, कापड तिथे लवकर फाटतं.

सोंगट्या म्हणून खुंट्या केल्या त्याही तुडुमाच्या खुंट्यांच्याच लाकडाच्या. दुसरं लाकूड माझ्या मनातही आलं नाही. भोकात बसवायचं ते मऊ लाकूड, हे आईच्या दुधाबरोबर प्यायलेलं. अर्ध्यांना तेलात कालवून कुंकू लावलं, अर्ध्यांना काजळी. मग आठवून आठवून डाव मांडला. राहिली ती एक लाल सोंगटी. ती कुठे होती ते मला माहीत नव्हतं. डाव उभा ठेवला त्या दुपारी मी सारसांकडे बघत होते. मी ती कोपरा वळवून, घरच्या वाटेवर, डोमाजीकाका म्हणत होते तिथे बसवली. न्याय म्हणून नाही. त्यांच्या बांध्या मला दिसत होत्या म्हणून. आणि पट मिटून, चामड्याची वादी आवळून, वाटेत काही हलू नये म्हणून मी तो तळ्याच्या पाण्यात बुडवून ठेवला. खुंटा भिजवायचा असतो. कुणी सांगायला लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओला पट डोक्यावर घेऊन मी टोलीला गेले. नहराच्या कडेने चालत गेलं की हिरवा रंग कसा कमी होत जातो ते तेव्हा बघितलं. आमचं धान गुडघ्याच्या वर, पुढे ते बुटकं होत गेलं, आणि डोमाजीकाकांच्या बांधीत जमिनीला भेगा पडल्या होत्या, माझा पाय जाईल एवढ्या. काकू अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांनी काही न विचारता उकडलेले शिंगाडे पुढे केले. डोमाजीकाका खाटेवर होते. मी म्हटलं, डाव मोडला नाही काका, मी मांडून ठेवला आहे, यात आहे. त्यांनी पट मांडीवर घेतला, वजन केलं, हलवून कानाशी धरला. आतून आवाज आला नाही. मला वाटलं उघडतील. त्यांनी वादीला हातही लावला नाही. "एकट्यानं नाई उघडत डाव," म्हणाले, आणि खांद्यावर पंचा टाकून माझ्याबरोबर निघाले.  वाटभर पट त्यांनी मला परत उचलू दिला नाही.

बाबा मोहाखालीच होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. पट मध्ये ठेवला, एकाने एक फळी धरली, दुसऱ्याने दुसरी, आणि उघडला. सगळ्या खुंट्या आपापल्या जागी उभ्या. बाबांची नजर फिरत फिरत त्या लाल खुंटीवर आली आणि थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं.  मग त्यांनी हात पुढे केला आणि काजळीची आपली एक खुंटी खेळायला म्हणून धरली. ती निघेना. जोर लावला, निघेना. दुसरी धरली, तीही निघेना. डोमाजीकाका जरा वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "भाऊ, ते लाल मागं घेतो मी. तुमचंच खरं असंल. मले बी नीट याद नाई." आणि आपली ती खुंटी त्यांनी चिमटीत धरली, दाताने धरली, गुडघ्यात पट दाबून दोन्ही हातांनी ओढली. मऊ लाकडाने पोटभर पाणी प्यायलं होतं. एकही सोंगटी जागची हलत नव्हती. मला रडू फुटलं. माझा खेळच बिघडला होता, दुसरं काही मला कळत नव्हतं.

"कायले रडून राहिली पोरी?" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही, कारण ते हसत होते. "खुंटा असाच बसवा लागते." मग डोमाजीकाकांकडे वळून म्हणाले, "डाव तं उभा आहे, डोमाजी. आता कोणाच्या बापानं नाई मोडत." डोमाजीकाका पट मांडीवर घेऊन बसले होते, हसताना त्यांच्या खांद्यावरचा पंचा घसरला. बाबा उठले, धोतर खोचलं आणि पाण्यात उतरले, आणि मी नहराच्या तोंडाशी पळाले. गुडगुड झाली. मी डोळे मिटले. त्या दिवशी पाणी माझ्या पायांना लागून खाली गेलं, आणि टोलीची शेवटची बांधी भरल्याचा निरोप येईपर्यंत ते दोघं तो न हलणारा पट मध्ये ठेवून बसून राहिले. बाबांनी तसाच ठेवलेला दोघांचा डबा मात्र संपवला. मोठेबाबा पुढे बरेच दिवस ओसरीवर आले नाहीत, आणि आले तेव्हा धानाबद्दलच बोलले.

उन्हाळ्यात लाकूड वाळतं. वैशाखात त्या सगळ्या खुंट्या सैल झाल्या असत्या, बोटाने उचलता आल्या असत्या. दोघांनाही हे माहीत होतं, त्यांच्याइतकं ते कुणाला माहीत असणार. दर उन्हाळ्यात पट खोपीतून घरी यायचा आणि बाबा तो ओल्या पोत्यात गुंडाळून रांजणाखाली ठेवायचे. एका वर्षी बाबा अंथरुणाला खिळले होते, तेव्हा भर उन्हात डोमाजीकाका टोलीहून आले आणि पोतं ओलं करून गेले. खेळायला त्यांनी दुसरा पट आणला होता. हा नुसता जवळ ठेवायचे. आता दोघंही नाहीत. पट माझ्याकडे आला आणि कपाटावर राहिला. त्याला पाणी दाखवायचं माझ्याकडून राहून गेलं. तळ्यापासून लांब आल्यावर अशा गोष्टी राहून जातात.

रोशनी माझ्याकडे पुठ्ठ्यांना कापड चिकटवायला येते. डोमाजीकाकांची नात. इथल्या जवळच्या गोरेगावहून स्कुटीवर येते, बोलत बोलत काम करते. परवा गप्प होती. मी विचारलं तर म्हणाली, यंदा पाणी कमी आहे, तिच्या भावाचं आणि माझ्या पुतण्याचं वाजलं आहे, भाऊ पाळीवर बसायला जात नाही. धान निसवायला आलं आहे. मी स्टुलावर चढून कपाटावरचा पट काढला. मिटलेला होता, आणि हलवला तर आतून खुळखुळ ऐकू आली. उघडला, तर अर्ध्या खुंट्या आडव्या झाल्या होत्या. मी एकेक जागेवर लावली, कुंकू आता विटकरी दिसतं. ती एक लाल खुंटी हातात घेऊन जरा थांबले, आणि जिथे होती तिथेच, कोपरा वळवून, ठेवली. रोशनीला बादली भरून आणायला सांगितलं.

"पण आजी, त्यायले चौपट कुठं येते?" ती म्हणाली. "दोघं बी मोबाइलवर खेळतात."

मी म्हटलं, खेळायचं कुठे आहे, बसायचं आहे. आणि तुझ्या भावाला सांग, एकट्याने उघडायचा नाही. तिने पट मिटला, वादी आवळली आणि दोन्ही हातांनी बादलीत दाबून धरला. भोकाभोकातून बुडबुडे वर येऊ लागले, बारीक गुडगुड झाली, आणि मी डोळे मिटून घेतले.